ग्रहण, वीज आणि आपली वस्ती
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला 'धम्म आणि विज्ञान' असा विषय दिला होता. एवढा मोठा विषय पेलावा असा मी विद्वान नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा राहून आयुष्य काढलेला मी कामगार आहे. शाळा नववीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात, मोर्चात आणि रात्रपाळीच्या जेवणाच्या सुट्टीत. म्हणून समितीची परवानगी घेऊन मी विषय लहान करून घेतला आहे. ग्रहण आणि वीज, या दोनच गोष्टींवर मी बोलणार आहे. दोन्ही आभाळातल्या. एकीला आपण फार भितो आणि दुसरीला पाहिजे तितके भीत नाही. याची किंमत आपल्याच वस्तीने मोजलेली आहे, म्हणून बोलायचे.

सुरुवात माझ्या आजीपासून करावी लागेल. आमचे गाव करमाळा तालुक्यातले. ग्रहण लागले की आमच्या वस्तीतली माणसे टोपली घेऊन गावात जायची. "दे दान, सुटे गिराण" असे ओरडत दारोदार फिरायची. कोणी पसाभर ज्वारी घालायचे, कोणी जुने लुगडे वरून टाकायचे. हातात नाही, वरून. हा मान मांगांचा, काही गावांत महारांचा. मान कसला? राहू हा असुर, तो आपल्यातला, म्हणून आपल्याला दिले की तो सूर्य सोडतो, असा तो हिशेब होता. म्हणजे सूर्याला गिळणारा चोर आमच्या घरचा, आणि त्याला सोडवायला आम्हीच भीक मागायची. आजी सांगायची, "बाबा, चिंध्या मिळायच्या, पण पोटाला व्हायचं."

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी शिळे तुकडे मागणे, मेलेले ढोर खाणे सोडा म्हणून सांगितले. तो निरोप आमच्या गावापर्यंत हळूहळू आला. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर वस्तीने ठरवले की आता गिराण मागायचे नाही. पुढचे ग्रहण लागले तेव्हा एकही टोपली बाहेर निघाली नाही. आजी सांगायची की गावातून दोघे जण वस्तीच्या तोंडाशी आले आणि म्हणाले, "अरं, तुम्ही न्हाई आला तर गिराण सुटायचं कसं?" एक म्हातारा बाजेवरून म्हणाला, "बघू की सुटतंय का न्हाई ते." आणि सुटले! वेळेवर सुटले. आजी ही गोष्ट सांगताना दर वेळी हसायची. माझ्या मते आमच्या गावातला विज्ञानाचा पहिला प्रयोग तोच.

आता मी स्वतः पाहिलेली ग्रहणे. पहिले १६ फेब्रुवारी १९८० चे. मी दहा-अकरा वर्षांचा होतो. त्या दिवशी शनिवार होता, शाळा सकाळचीच. खग्रासाचा पट्टा आपल्या खालून, कर्नाटकातून आंध्राकडे गेला होता. अंकोला, रायचूर ही गावे त्या पट्ट्यात होती. आपल्याकडे खंडग्रास, पण सूर्य बहुतेक झाकला गेला. त्या दुपारी मुंबईचेसुद्धा रस्ते ओस पडले होते, मग आमच्या खेड्याचे काय विचारता? दारे लावलेली. रांजणातले पाणी ओतून टाकलेले. दीक्षा घेऊन चोवीस वर्षे झालेली आमची घरे, पण दारे आमचीही लावलेली. कोणी हुकूम केला नव्हता. भीती आतच बसलेली होती, ती टोपलीबरोबर गेली नव्हती.

मी आत जमिनीवर बसलो होतो. वरच्या पत्र्याला खिळ्यांची भोके होती आणि सारवलेल्या जमिनीवर रोज दुपारी उन्हाचे गोल गोल ठिपके पडायचे. त्या दिवशी ठिपके गोल नव्हते. प्रत्येक ठिपका चंद्राच्या कोरीसारखा झाला होता. शंभर कोरी जमिनीवर! मी आईला दाखवले. तिने माझ्या डोळ्यांवर पदर टाकला. असे का होते हे सांगणारा घरात कोणी नव्हता आणि मास्तरही आपल्या घरात दार लावून बसले होते.

उत्तर मिळायला पंधरा वर्षे गेली. २४ ऑक्टोबर १९९५ ला सकाळी दुसरे मोठे ग्रहण झाले. खग्रास राजस्थानात नीम का थाना, पुढे बंगालात डायमंड हार्बर या भागात होते. आमच्याकडे सूर्याचा अर्ध्याहून जास्त भाग झाकला गेला. दिवाळीचे दिवस, गिरणीत हजेरी कमी. पहिल्या पाळीचे आम्ही काही जण कापसाच्या गोदामात होतो. गोदामाचा पत्रा जुना. आणि खाली फरशीवर, गाठींवर, आमच्या अंगावर पुन्हा त्याच कोरी! कापसाची धूळ हवेत तरंगत होती, त्यामुळे प्रत्येक भोकातून येणारा उन्हाचा दांडा वेगळा दिसत होता. आमच्यातला एक जण घाबरून अंग झटकू लागला. तोवर मी पुस्तक वाचलेले होते. मी त्यांना सांगितले, बाबांनो, उन्हाचा ठिपका गोल पडतो तो भोक गोल असते म्हणून नव्हे, सूर्य गोल दिसतो म्हणून. भोक चौकोनी असले तरी लांबून ठिपका गोलच पडतो. ती सूर्याची छबी असते. आज चंद्र आडवा आलाय, म्हणून सूर्य कोरीसारखा झालाय आणि छबीही तशीच. कँटीनमधून चहाची गाळणी आणून धरली तर तिच्या प्रत्येक छिद्रातून एक एक सूर्य खाली उतरला. झटकणारा तो गडी नंतर तासभर ती गाळणी सोडीना.

लिंबाच्या झाडाखाली पानापानांतून असेच दिसते. घरातली पिठाची चाळण धरली तरी दिसते. ग्रहण बघायला इतके स्वस्त यंत्र दुसरे नाही आणि डोळ्याला धोका नाही. सूर्याकडे मात्र थेट बघायचे नाही. काजळी धरलेली काच नको, एक्स-रेची फिल्म नको, उन्हाळी गॉगल तर मुळीच नको. डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही, त्यामुळे भाजले तरी त्या वेळी समजत नाही. ग्रहणात कुठले वेगळे विषारी किरण सुटत नाहीत. रोजचाच सूर्य, पण झाकल्यामुळे डोळे दिपत नाहीत, माणूस टक लावून बघतो आणि तिथे घात होतो.

ग्रहण म्हणजे काय हे इथल्या नववी-दहावीच्या पोरांना माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे. पण आयाबायांसाठी दोन वाक्यांत सांगतो. सूर्य चंद्राच्या सुमारे ४०० पट मोठा आहे आणि तो चंद्राच्या सुमारे ४०० पट लांबही आहे. म्हणून दोघे आपल्याला एकाच आकाराचे दिसतात आणि अमावास्येला चंद्र नेमका आड आला की सूर्य झाकतो. दर अमावास्येला असे होत नाही, कारण चंद्राची वाट सुमारे पाच अंशांनी कललेली आहे. हे पाश्चात्त्यांनी येऊन शिकवले असेही नाही. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास लिहून ठेवले की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली झाकते. पंचांगवाल्यांनाही हे ठाऊक असते. राहू कधी गिळणार आणि कधी सोडणार हे ज्याला मिनिटागणिक वर्षभर आधी छापता येते, त्याला तिथे राहू नाही हे कळलेले असलेच पाहिजे. तरी दानाची वेळ त्याच पानावर छापलेली असते.

आपल्या तालुक्याच्या पोरांनी एक गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवावी. २२ जानेवारी १८९८ ला खग्रास सूर्यग्रहण झाले तेव्हा त्याचा पट्टा कोकणातून आपल्या जेऊरवरून गेला. जेऊर म्हणजे पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे आपले स्टेशन. तिथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल साहेब चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन आले होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनीही तिथेच तळ ठोकला होता. मुलखात दुष्काळ होऊन गेलेला, प्लेग चालू, आणि माळावर ही माणसे सुमारे दोन मिनिटांच्या अंधारासाठी कित्येक दिवस राबत होती. त्याच ग्रहणाला विजयदुर्गाच्या किल्ल्यावर लॉकियर साहेब होते. लोक सांगतात की लॉकियरने हेलियम वायू विजयदुर्गावर शोधला. ते बरोबर नाही. त्यांचा तो शोध १८६८ चा, आणि तेव्हा ते इंग्लंडमध्ये होते. आपल्या गावाचा मोठेपणा सांगतानासुद्धा खरेच सांगावे असे मला वाटते. जेऊरच्या त्या तळावर पाणी कोणी वाहिले, दगड कोणी रचले, ते कुठल्या पुस्तकात माझ्या वाचनात आले नाही. ते आपण समजून घ्यायचे.

आता मी ज्या दिवसासाठी उभा राहिलो त्याकडे येतो.

११ ऑगस्ट १९९९, बुधवार. संध्याकाळचे ग्रहण. भारतात त्याचा खग्रास पट्टा कच्छातून शिरला होता. आमच्या भागात खंडग्रास, पण मोठे. सहाच्या सुमाराला सर्वांत जास्त झाकणार होते. मी पाळी बदलून घेतली आणि शहरातून ग्रहणाचे पाच-सहा चष्मे घेऊन गावी गेलो. शाळेची वीस-पंचवीस पोरे माळावर जमवली. वस्तीची होती, गावातलीही होती. आईबापांनी सोडली हेच खूप होते.

पण श्रावण तोंडावर आलेला. पाचनंतर ढगांच्या फटीतून एकदा-दोनदा सूर्य दिसला, खालून कुरतडल्यासारखा. पोरांनी असा कल्ला केला की विचारू नका. मग पश्चिमेकडून ढग चढले. साधे पावसाळी ढग नव्हेत. बुडाला काळे आणि वर कोबीच्या गड्ड्यासारखे फुगत चाललेले. वारा एकदम पडला, मग थंड झोत आला, धूळ उठली. लांबवर गडगडले. मी पोरांना शाळेच्या पक्क्या इमारतीत नेले, दारे लावून घेतली आणि गोष्टी सांगत बसलो. सव्वासहाला असा अंधार झाला की ग्रहणाचा किती आणि ढगाचा किती हे सांगता येत नव्हते. पाऊस आडवा लागला. शाळेच्या व्हरांड्याचा एक पत्रा उडाला.

त्याच वेळी गावापासून दीड मैलावर एका बागायतदाराच्या रानात नऊ बायका बाजरी खुरपत होत्या. सगळ्या आपल्या वस्तीतल्या. ग्रहण म्हणून त्या मालकाच्या घरातल्या बायका सकाळपासून आत होत्या. भाजी चिरायची नाही, सुई धरायची नाही, सगळे पाळणूक चालू. पण राहिलेल्या सऱ्या आज संपल्या पाहिजेत, नाहीतर रोज कापला जाईल, असे त्याने या नऊ जणींना सांगितलेले होते. म्हणजे ग्रहण घरच्या बायकांना, रोजंदारणींना नाही!

पाऊस आला तशा त्या बांधावरच्या बाभळीखाली गेल्या. रानात दुसरा आडोसाच नव्हता. वीज बाभळीवर पडली. माझी चुलत भावजय जागीच कोसळली. तिच्या शेजारच्या बाईचा एक कान कायमचा गेला. बाकीच्या सात जणी फेकल्या गेल्या, भाजल्या, पण वाचल्या.

माणसे धावली. कोणी म्हणाले तिला हात लावू नका, अंगात वीज आहे. कोणी म्हणाले उकिरड्यात शेणात पुरा, शेण वीज ओढून घेते. यात अर्धा तास गेला. दवाखाना लांब, ओढ्याला पाणी. रात्री तिला घरी आणले. पदरात दोन लेकरे होती, धाकटे अंगावर पिणारे.

दुःख त्या रात्रीचे होतेच. पण पुढे जे चालू झाले ते जास्त वाईट. तिसऱ्या दिवशी माती सावडून आलो तोवर गावाने निकाल लावला होता. एक म्हणे, गिराणात रानात गेली म्हणून. दुसरी म्हणे, ती पायाळू होती, पायाळूवर वीज पडते. आणि तिसरे माझ्या तोंडावर आले, "ह्यो पोरांना गिराण दाखवाय आला, म्हणून कोप झाला." हे बोलणाऱ्यांत तो मालकही होता. माझी चुलती, म्हणजे तिची सासू, तिलाही ते पटू लागले. कान गेलेली ती बाई, तिच्याकडे कित्येक वर्षे लोक असे बघायचे की हिनेच काही पाप केलेय. माझा चुलत भाऊ एका रात्री ओट्यावर बसून मला म्हणाला, "दादा, तू वाचतोस, तू सांग. ती पायाळू असल्यानं झालं का रं?"

मी त्याला म्हणालो, तिच्या आईला विचारू. आम्ही दोघे एसटीने तिच्या माहेरी गेलो. म्हातारी म्हणाली, "न्हाई रं बाबा, ती डोक्यानंच आली, सरळ झाली." म्हणजे पायाळू हे मेल्यावर ठरवलेले! बाईला मेल्यावरसुद्धा दोष चिकटवायला लोकांना वेळ लागत नाही. आणि पायाळू असती तरी काय? वीज आभाळातून येते, ती बाळंतपणाची चौकशी करत येत नाही.

मग मी विजेचा अभ्यास धरला. जे समजले ते सांगतो, कारण हे घरी जाऊन सांगण्यासारखे आहे. उंच ढगात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आदळतात, घासतात. त्यातून ढगात विद्युतभार साठतो, वरच्या भागात एक आणि खालच्या भागात दुसरा. तो फार झाला की जमिनीकडे झेप घेतो. त्या वाटेतली हवा क्षणभर सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही कित्येक पट तापते, सुमारे ३०,००० अंश. तापलेली हवा फुटते तोच गडगडाट. उजेड आधी दिसतो आणि आवाज मागून येतो. दोन्हींमधले सेकंद मोजायचे, तीन सेकंदाला साधारण एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत आवाज आला तर वीज तुमच्या टप्प्यात आहे. काम टाकून पक्क्या घरात जायचे आणि शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास गेल्याशिवाय बाहेर पडायचे नाही.

झाडाखाली का जायचे नाही? आभाळाच्या सगळ्यांत जवळ ते उभे असते, म्हणून वीज बहुधा तिथे पडते. मग खोडातून उतरताना ती शेजारच्या माणसाच्या अंगावर उडी मारते. ओल्या जमिनीतूनही पसरते. एका पायाने शिरून दुसऱ्या पायाने निघते. म्हणून पाय फाकून उभे राहू नये, जमिनीवर आडवे तर अजिबात पडू नये. आडोसा नसेल तर झाडापासून, तारेच्या कुंपणापासून लांब, सखल जागी, पाय जुळवून उकिडवे बसायचे आणि घोळका न करता अंतर ठेवायचे. एकदा वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला लगेच हात लावावा. बऱ्याच वेळा हृदय आणि श्वास थांबलेला असतो, त्या वेळी छाती दाबून आणि श्वास देऊन माणूस परत येऊ शकतो. शेणात पुरले तर मात्र तो जाणारच. त्या दिवशी आमच्या गावात छाती दाबण्याची रीत ठाऊक असलेला एकही माणूस नव्हता.

ग्रहणाने वादळ आणले का? ग्रहणात ऊन कमी झाले की हवा थोडी गार होते, वारा जरा मंदावतो, इतकेच. ते ढग दुपारच्या उष्म्याने आणि हवेतल्या ओलाव्याने तयार झालेले होते. ग्रहण नसते तरी ते आले असते. आणि बायका ग्रहण असो नसो, सऱ्या संपेपर्यंत रानात असत्याच.

देशात विजेने दरवर्षी अडीच हजारांहून जास्त माणसे मरतात असे राष्ट्रीय गुन्हे नोंदणीचे अलीकडच्या वर्षांचे आकडे सांगतात. ही माणसे कोण? रोजगारी, शेळ्या राखणारी पोरे, भात लावणाऱ्या बाया. बंगल्यातला माणूस विजेने मेला असे तुम्ही कधी वाचले का? हे काही देवाचे पक्षपाती धोरण नाही, कोण उघड्यावर आहे त्याचा हा हिशेब आहे.

भावजयीच्या मरणाचा कागद झाला नाही. शवविच्छेदन झालेले नव्हते, त्यामुळे मदतीचा अर्ज कचेरीत फिरत राहिला आणि शेवटी कोणाच्या तरी टेबलाच्या कप्प्यात थांबला. आता महाराष्ट्रात वीज पडणे ही राज्याची आपत्ती धरली जाते आणि मृताच्या वारसाला ४ लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. पण त्याला पोलिसाचा पंचनामा लागतो, शवविच्छेदनाचा अहवाल लागतो, तलाठ्याची नोंद लागते. दुःखाच्या वेळी हे बोलणे कठोर वाटते, पण वस्तीतल्या एखाद्या शहाण्या माणसाने तेवढे धैर्य ठेवून आधी तलाठी आणि पोलीस पाटील यांना कळवावे.

पुढे २०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चपर्यंत गारपीट झाली, ती तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. मराठवाडा, विदर्भ, आपला सोलापूर जिल्हा, दिवसांमागून दिवस गारा. काढणीला आलेली ज्वारी, द्राक्षे, डाळिंब जमिनीवर. झाडाखाली पाखरांचा खच. पंचनामे झाले, ते सातबाऱ्यावर झाले. ज्याच्या नावावर रान त्याचे नुकसान. ते व्हायलाच पाहिजे, शेतकऱ्याचे कंबरडे मोडले होते. पण त्या रानात द्राक्ष तोडायला जाणाऱ्या बाईचा महिन्याचा रोजगार गेला, तो कुठल्या रकान्यात लिहायचा? मी एका कारकुनाला हे विचारले. तो भला माणूस होता, म्हणाला, "काका, तसा रकानाच नाही."

आता थोडे आपल्या घरातले. आपल्या घरात बुद्धमूर्ती आहे, बाबासाहेबांची तसबीर आहे. पण सून पोटुशी असली आणि ग्रहण लागले की अजून सुरी लपवून ठेवतात, तिला तास न् तास उपाशी, पाण्याविना एका जागी बसवतात. का, तर पोराचा ओठ तुटेल. बायांनो, गर्भाचा ओठ जुळायचे काम पहिल्या दोन-अडीच महिन्यांत झालेले असते. सातव्या महिन्यात भाजी चिरल्याने तो तुटत नाही. पोटुशीला उपाशी ठेवणे हेच ग्रहण. आणि हसू नका, २६ डिसेंबर २०१९ च्या ग्रहणात, इथून रेल्वेने दोन-अडीच तासांवर असलेल्या कलबुर्गीजवळ ताजसुलतानपूर गावी अपंग लेकरांना गळ्यापर्यंत मातीत पुरले होते, बरी होतील म्हणून. ते आईबाप दुष्ट नव्हते. त्यांना कोणी दुसरा इलाज दाखवलेला नव्हता.

भन्तेजींच्या समोर बोलताना संकोच वाटतो, पण एक सांगितले पाहिजे. राहू फक्त त्यांच्याच पोथीत आहे असे नाही. संयुत्त निकायात चंदिमसुत्त आणि सुरियसुत्त अशी दोन लहान सुत्ते आहेत. राहू सूर्याला धरतो, सूर्य बुद्धाला शरण जातो, बुद्ध राहूला सोड म्हणतात आणि राहू थरथरत सोडून पळतो. काही कार्यकर्ते हे लपवतात. मी लपवत नाही. त्या काळच्या लोकांना राहू ठाऊक होता, म्हणून त्यांच्याच भाषेत गोष्ट सांगितली. माझे लक्ष दुसरीकडे जाते. त्या गोष्टीत ग्रहण सुटावे म्हणून कोणी दान मागत नाही आणि कोणाला भीक घालावी लागत नाही. भन्तेजी यावर माझ्यापेक्षा अधिकाराने बोलतील.

शेवटी कामाचे बोलतो. गिरणीत वीज गेली, यंत्रे बंद पडली आणि आम्हाला काम देता आले नाही तर कायद्याप्रमाणे अर्धा पगार मिळतो. त्याला ले-ऑफची भरपाई म्हणतात. हा हक्क कामगार लढले म्हणून आला. मग आभाळ गडगडायला लागल्यावर रान सोडून आलेल्या बाईचा रोज का कापावा? माझी समितीला विनंती आहे की आजच्या ठरावांत हा एक ठराव घ्यावा. गडगडाट ऐकू आला की काम थांबवायचे आणि त्या दिवसाचा रोज कापायचा नाही, असे आपापल्या गावच्या मालकांशी आणि मुकादमांशी बोलून ठरवावे. एकटीदुकटीने बोलू नये, सगळ्यांनी मिळून बोलावे. पुण्याच्या हवामान संस्थेने 'दामिनी' नावाचे मोबाइलवरचे साधन काढले आहे, जवळपास वीज पडण्याचा संभव असला की ते सूचना देते. प्रत्येक टोळीत एका तरी पोरीच्या फोनवर ते असावे. गावाबाहेरच्या रानवाटेवर भिंतींची एक पक्की खोली मागण्यासाठी ग्रामपंचायतीत अर्ज द्यावा. चार खांबांवर पत्रा टाकलेले शेड चालणार नाही. आणि या आपल्या विहाराचे शिखर वस्तीत सगळ्यांत उंच आहे, त्यावर वीजवाहक बसवून त्याची पट्टी नीट जमिनीत उतरवली पाहिजे. त्या खर्चासाठी माझ्या वतीने पाचशे रुपये मी अध्यक्षांकडे देत आहे.

२ ऑगस्ट २०२७ ला दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. महिना पावसाळ्याचा, ढग असतील, कदाचित काहीच दिसणार नाही. तरी विहाराच्या पटांगणात पोरे जमवू. ऊन पडले तर चाळणी आणा, प्रत्येक घरातून एक. गडगडले तर सगळे आत येऊन बसू. माझ्या भावजयीचा थोरला मुलगा आता एसटीत मेकॅनिक आहे, चष्मे आणायची जबाबदारी त्याने घेतली आहे.